लहान मुलांना घेऊन स्वित्झर्लंड : आखणीपासून परतीपर्यंत

महाराष्ट्रातून युरोपला जाणाऱ्या कुटुंबांच्या सहलीत स्वित्झर्लंडचे दोन-तीन दिवस हमखास असतात आणि तेवढ्या वेळात टिटलिस किंवा युंगफ्राउ यांपैकी एखादा बर्फाचा डोंगर, ल्युसर्नचा लाकडी पूल, घड्याळांची दुकाने आणि ऱ्हाईनचा धबधबा एवढे बहुधा उरकले जाते. मोठ्यांना ते चालून जाते. सात वर्षांच्या मुलाला मात्र पहाटे उठवून चार तास बसमध्ये बसवले, तासभर डोंगरावर उभे केले आणि पुन्हा बसमध्ये कोंबले, तर घरी आल्यावर तो डोंगराविषयी नव्हे, बसमध्ये झालेल्या उलटीविषयी सांगतो. वास्तविक या देशात प्रवासाची साधनेच खेळण्यांसारखी आहेत. दातेरी चाकांची आगगाडी, वाफेवर चालणारी बोट, दोरीवरून सरकणारा पाळणा अशा ज्या गोष्टींसाठी इतरत्र मुलांना जत्रेत न्यावे लागते, त्या येथे रोजच्या वाहतुकीचा भाग आहेत. म्हणून ज्यांना स्वतः आखणी करून जायचे आहे, त्यांच्यासाठी माझे सांगणे असे की किमान सात-आठ दिवस काढावेत, मुक्काम दोनच ठेवावेत आणि एका दिवशी एकच मोठी गोष्ट पाहावी. पुढील पायऱ्या याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : महिना ठरवणे

आपल्याकडील उन्हाळी सुटी आणि आल्प्समधील उन्हाळा यांचा मेळ नीट बसत नाही, आणि पहिली चूक येथेच होते. एप्रिलमध्ये व मेच्या पूर्वार्धात उंचावरील पायवाटा बर्फाखाली असतात, काही हंगामी डोंगरगाड्या सुरूच झालेल्या नसतात आणि अनेक केबलकार वार्षिक देखभालीसाठी काही दिवस बंद ठेवल्या जातात. उलट याच काळात दऱ्या हिरव्यागार असतात, शिखरांवर भरपूर बर्फ असतो आणि गर्दी कमी असते. शाळा जूनच्या मध्यावर उघडणार असेल, तर मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला आठवडा हा त्यातल्या त्यात चांगला तोडगा आहे. शाळेचे बंधन नसलेल्या लहानग्यांच्या पालकांनी मात्र जूनचा उत्तरार्ध ते सप्टेंबर हाच काळ निवडावा. जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो हे लक्षात ठेवावे; खोलीला जाड पडदे आहेत की नाहीत हा प्रश्न आरक्षण करताना क्षुल्लक वाटतो, पण बाहेर लख्ख उजेड असताना तीन वर्षांच्या मुलीला झोपवण्याची वेळ आली की तो क्षुल्लक राहत नाही.

दुसरी पायरी : व्हिसा व मुलांचे कागद

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, परंतु शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. सहलीत इतर देश असतील, तर ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी द्यावा लागतो. परंतु मेच्या गर्दीत भेटीची वेळच लवकर मिळत नाही, म्हणून फेब्रुवारीतच हालचाल करावी. २०२४ पासून शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो असे असून सहा वर्षांखालील मुलांना ते माफ आहे. बारा वर्षांखालील मुलांचे बोटांचे ठसे घेतले जात नाहीत. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा प्रत्येकाचा हवा, तान्ह्या बाळाचासुद्धा. मुलाचा जन्मदाखला जोडावा आणि आईवडिलांपैकी एकच जण सोबत जाणार असेल, तर दुसऱ्याचे संमतिपत्र तयार ठेवावे. पारपत्र परतीच्या तारखेनंतर आणखी तीन महिने वैध असले पाहिजे; मुलांच्या पारपत्राची मुदत मोठ्यांच्या मानाने लवकर संपते, ही बाब घरोघरी नेमकी शेवटच्या क्षणी ध्यानात येते.

तिसरी पायरी : दोन मुक्काम

पहिला मुक्काम ल्युसर्न आणि दुसरा इंटरलाकेन किंवा त्याच्या आसपासचे एखादे गाव, ही जोडी मुलांसाठी उत्तम ठरते. झुरिचच्या विमानतळावरून ल्युसर्नला थेट गाडी आहे आणि ती साधारण तासाभरात पोहोचते. ल्युसर्नहून इंटरलाकेनला जाणारी गाडी ब्र्युनिगचा घाट ओलांडते, वाटेत चार-पाच तळी दिसतात आणि सुमारे दोन तासांचा तो प्रवास हीच त्या दिवसाची सहल समजावी. शक्य तेथे हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे. बाहेरचे जेवण येथे महाग असते, शिवाय दिवसभर भटकून आल्यावर मुलांना वरणभातच हवा असतो. तांदूळ आणि डाळ सोबत नेता येतात. तूप, पेढे, बर्फी, पनीर मात्र नेऊ नयेत, कारण युरोपबाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ आणण्यास तेथे बंदी आहे. फळे व भाज्याही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, म्हणजे तिकडच्या नातेवाइकांसाठी हापूसची पेटी न्यायचा बेत असेल तर तो सोडून द्यावा. कढीपत्त्याची जुडीही त्याच नियमात येते.

दुकाने रविवारी बंद असतात. शनिवारी सायंकाळीच दूध, ब्रेड आणि फळे घेऊन ठेवावीत. विसरलेच तर मोठ्या रेल्वे स्थानकांमधील दुकाने रविवारीही उघडी सापडतात. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर इमारतीत शांतता पाळण्याचा दंडक आहे, तेव्हा सोफ्यावरून उड्या मारण्याचा कार्यक्रम शनिवारी सायंकाळी उरकून घ्यावा.

चौथी पायरी : तिकिटांचा हिशेब

येथे थोडा वेळ घालवला तर बरेच पैसे वाचतात. परदेशी पाहुण्यांसाठी असलेला स्विस ट्रॅव्हल पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो आणि त्यात आगगाड्या, पिवळ्या टपाल बसगाड्या, तळ्यांतील बोटी, शहरांतील ट्राम आणि ५०० हून अधिक संग्रहालये येतात. रिगी आणि श्टान्सरहॉर्न हे डोंगर पासात पूर्णपणे समाविष्ट आहेत. टिटलिस व पिलाटुस यांवर निम्मी सवलत मिळते, तर युंगफ्राउयोख या उंचावरील स्थानकाकडे जाण्याच्या शेवटच्या टप्प्यावर त्याहून कमी. दुसरा पर्याय अर्ध्या तिकिटाच्या कार्डाचा. ते महिनाभर चालते आणि त्यावर बहुतेक सर्व प्रवास निम्म्या दरात होतो. रोज लांब फिरायचे असेल तर पास, आणि एकाच भागात राहून दोन-तीन महागडे डोंगर चढायचे असतील तर कार्ड, असा ढोबळ नियम धरावा आणि मग कागदावर बेरीज करून खात्री करून घ्यावी.

मुलांचे तिकीट हा या देशाचा सर्वांत मोठा दिलासा आहे. सहा वर्षांखालील मूल मोठ्यांसोबत विनामूल्य प्रवास करते. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी पालकांच्या पासासोबत फॅमिली कार्ड विनामूल्य मिळते, मात्र ते पास घेताना मागून घ्यावे लागते. त्यातली मेख अशी की हे कार्ड आई किंवा वडील सोबत असतील तरच चालते. आईवडील घरी विश्रांती घेणार आणि आजी-आजोबा नातवंडांना घेऊन बोटीत फिरणार, असा बेत असेल तर त्या दिवसापुरते नातवंडांचे वेगळे तिकीट काढावे. ज्येष्ठांसाठी या पासात वेगळी सवलत नाही, हेही आजोबांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

पाचवी पायरी : ल्युसर्नचे चार दिवस

पहिला पूर्ण दिवस वाहतूक संग्रहालयाला द्यावा. १९५९ साली सुरू झालेले हे संग्रहालय केवळ काचेआडच्या वस्तूंचे नाही. वाफेची इंजिने, विमाने, बोटी आणि मोटारी तर आहेतच. पण बाहेरच्या पटांगणात लहान मुलांसाठी खोदकामाची यंत्रे, वाळू-खडीचा खेळ आणि पायाने चालवायची वाहने आहेत, आणि एका इमारतीची संपूर्ण भिंत रस्त्यावरच्या खऱ्या दिशादर्शक पाट्यांनी मढवलेली आहे. बसने जाऊ नये. स्थानकासमोरच्या धक्क्यावरून बोट पकडली की दहा-पंधरा मिनिटांत संग्रहालयाच्या जवळच उतरता येते. आमच्या घरच्या पाच वर्षांच्या मुलाने विमानांकडे ढुंकूनही न पाहता दोन तास खडी उपसली. पालक म्हणून तेव्हा जीव कासावीस होतो, तिकिटाचे पैसे आठवतात, परंतु त्याला तेथून ओढून नेण्यात अर्थ नसतो.

दुसरा दिवस रिगीचा, आणि सगळ्या सहलीत एकच डोंगर परवडणार असेल तर माझे मत रिगीच्या बाजूने आहे. ल्युसर्नहून फित्स्नाउपर्यंत सुमारे तासभर बोटीने जायचे. या तळ्यात पाच जुन्या चाकांच्या वाफेच्या बोटी अजून चालतात. वेळापत्रकात वाफेच्या बोटीची खूण पाहून फेरी निवडावी, कारण सर्व फेऱ्या त्या बोटींच्या नसतात. बोटीच्या मधोमध कठडा असतो. तेथून खाली वाकले की इंजिन उघडे दिसते. तेलाने चकाकणारे पोलादी दांडे मागेपुढे सरकतात, गरम तेलाचा वास वर येतो आणि दांड्यांच्या लयीवर दोन्ही अंगांची चाके पाणी कापत जातात. मुले येथून हलत नाहीत, आणि वडीलही.

फित्स्नाउच्या धक्क्यासमोरच लाल डोंगरगाडी उभी असते. निक्लाउस रिगेनबाख या अभियंत्याने उभारलेली ही युरोपातील पहिली डोंगरी रेल्वे १८७१ साली सुरू झाली. गाडीत बसण्यापूर्वी मुलांना रुळांजवळ न्यावे आणि दोन रुळांच्या मध्ये शिडीसारखी बसवलेली तिसरी पट्टी दाखवावी; गाडीच्या पोटाखालचे दातेरी चाक त्या शिडीच्या पायऱ्यांत अडकत अडकत वर जाते, म्हणून ती घसरत नाही. उटीची गाडी पाहिलेल्या मुलांना हे तत्त्व ओळखीचे वाटेल, कारण तेथेही रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी आहे आणि त्या मार्गावरची जुनी वाफेची इंजिने स्वित्झर्लंडच्याच विंटरथूरमधील कारखान्यात तयार झाली होती.

रिगीचा माथा १,७९८ मीटरवर आहे. येथे विरळ हवेचा त्रास नाही, गवतावर बसून डबा खाता येतो आणि गाईंच्या गळ्यातील घंटांचा आवाज सतत कानावर येतो. उतरताना आल्या वाटेने न येता दुसऱ्या बाजूच्या निळ्या गाडीने आर्थ-गोल्डाउला उतरावे. गोल्डाउ स्थानकापासून चालत काही मिनिटांवर प्राणी उद्यान आहे. १८०६ साली डोंगरकडा कोसळून जेथे गाव गाडले गेले, त्याच दगडधोंड्यांच्या जागेत ते वसवले आहे. तेथील हरणे माणसांत मोकळी फिरतात आणि प्रवेशद्वारापाशी मिळणारे खाद्य त्यांना हातातून भरवता येते. एखादे हरीण मुलाच्या हातातला कागदी पुडा खाद्यासकट ओढते, तेव्हा रडारड होण्याची शक्यता गृहीत धरावी. गोल्डाउहून ल्युसर्नला परतीच्या गाड्या वारंवार असतात.

तिसऱ्या दिवशी पिलाटुस. आल्पनाखश्टाटहून वर जाणारी १८८९ ची गाडी जगातील सर्वांत चढी दातेरी रेल्वे आहे. चढ सर्वाधिक ४८ टक्के आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेले की अठ्ठेचाळीस मीटर वर. डबे पायऱ्यांसारखे बांधलेले असतात. ती हिवाळ्यात बंद असते, म्हणून तारीख पाहून घ्यावी. उतरताना क्रीन्सच्या बाजूच्या केबलकारने यावे आणि फ्रेकम्युंटेग येथे थांबावे, कारण तेथे सुमारे १,३५० मीटर लांबीची उन्हाळी घसरगुंडी आहे. पन्हळीतून स्वतःच्या हाताने ब्रेक लावत खाली यायचे असते आणि लहान मुलांना मोठ्यांसोबत बसवतात. हवा ओली असेल तर घसरगुंडी बंद राहते.

चौथा दिवस मोकळा ठेवावा. पाऊस आला तर हिमनदी उद्यानात जावे, कारण तेथे १८९६ चा आरशांचा चक्रव्यूह आहे आणि त्यात मुले तासभर एकमेकांना शोधत राहतात. शेजारीच दगडात कोरलेला मरणासन्न सिंह आहे. किंवा झुरिचजवळील किल्शबर्ग येथे २०२० साली उघडलेले लिंट चॉकलेटचे संग्रहालय पाहावे. दारातच नऊ मीटरहून उंच चॉकलेटचे कारंजे आहे. त्याची वेळ आधी आरक्षित करावी लागते. विज्ञानाची आवड असलेल्या मोठ्या मुलांना विंटरथूरचे टेक्नोरामा दाखवावे. तेथे शेकडो प्रयोग स्वतःच्या हाताने करायचे असतात आणि दिवस पुरत नाही.

सहावी पायरी : इंटरलाकेनकडचे दिवस

लाउटरब्रुनेनच्या दरीत २९७ मीटर उंचीवरून पडणारा श्टाउबाख धबधबा स्थानकावरून निघताच दिसू लागतो आणि तेथवर बाबागाडी ढकलत जाता येते. पुढे बसने त्र्युमेलबाखला जावे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तीन शिखरांच्या हिमनद्यांचे पाणी डोंगराच्या पोटातून दहा धबधब्यांनी खाली येते, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. आत कानठळ्या बसतात, अंगावर तुषार येतात आणि पायऱ्या ओल्या असतात. चार वर्षांखालील मुलांना आत सोडत नाहीत, म्हणून धाकटे भावंड असेल तर एकाने बाहेर थांबावे आणि मग पाळी बदलावी.

चालू शकणाऱ्या मुलांसाठी मेन्लिखेन ते क्लायने शायडेग ही पायवाट मला सर्वांत आवडते. वर केबलकारने जायचे, तेथे पोटात शिरून बाहेर घसरता येणारी भलीमोठी लाकडी गाय असलेले मैदान आहे, आणि मग सुमारे साडेचार किलोमीटरची हलक्या उताराची वाट समोर आयगर ठेवून चालायची. मोठ्यांना दीड तास लागतो; मुलांसह तीन तास धरावेत. ग्रिंडेलवाल्डच्या फर्स्ट या डोंगरावर उतारावर चालवायच्या तीनचाकी गाड्या आणि सायकलवजा स्कूटर आहेत, परंतु त्यांना उंचीची अट असते. तीनचाकी गाडीसाठी १३५ सेंटीमीटर लागतात. मुलाची उंची घरीच भिंतीपाशी मोजून घ्यावी. रांगेत अर्धा तास उभे राहून पट्टीपाशी नकार मिळण्याइतके दुःख सहा वर्षांच्या वयात दुसरे नसते.

एक दिवस ब्रिएन्झजवळच्या बालेनबेर्ग या खुल्या संग्रहालयाला द्यावा. १९७८ साली उघडलेल्या या जागेत देशभरातून सुटी करून आणलेली शंभरहून अधिक जुनी घरे पुन्हा उभारली आहेत. चुली पेटलेल्या असतात, ब्रेड भाजला जातो, लाकडावर कोरीवकाम चालते, आणि अंगणात डुकरे, शेळ्या, कोंबड्या हिंडत असतात. आपल्या मुलांना येथे परके वाटत नाही, धुराने काळवंडलेले स्वयंपाकघर पाहून माझ्या सासूबाई म्हणाल्या, “हे तर आमच्या कोकणातलं माजघर.” एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच ते उघडे असते.

राहता राहिले युंगफ्राउयोख. ३,४५४ मीटर उंचीवरील हे स्थानक १९१२ साली सुरू झाले आणि आज ग्रिंडेलवाल्डहून केबलकार व बोगद्यातील गाडी मिळून तेथे जाता येते. तेथून होणारे ‘आलेच’ नावाच्या हिमनदीचे दर्शन भव्य आहे, वर बर्फाचा महाल आहे, भारतीय जेवणसुद्धा मिळते. तरीही सहा वर्षांखालील मुलांसाठी मी ते सुचवणार नाही. खर्च मोठा असतो, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाइतकाच असतो, आणि लहान मुले वर पोहोचून अर्ध्या तासात डोके दुखते म्हणून किरकिर करू लागतात. दोन वर्षांखालील बाळाला नेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. मोठ्या मुलांना नेणार असाल तर तिकीट आधी काढून ठेवू नये. त्या सकाळी वरच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र मोबाइलवर पाहावे, आकाश निरभ्र असेल तरच निघावे आणि वर सावकाश चालावे.

परतीच्या वाटेवर बर्नला तीन तास थांबावे. नदीकाठच्या उतारावर २००९ पासून असलेले अस्वलांचे उद्यान विनामूल्य आहे. जुन्या घड्याळमनोऱ्यावरील बाहुल्या तास वाजण्यापूर्वी काही मिनिटे नाचू लागतात, म्हणून ठोक्याच्या पाच मिनिटे आधी समोर उभे राहावे. जवळच्या एका कारंज्यावर मुले खाणारा राक्षस कोरलेला आहे. तो दाखवायचा की टाळायचा, हे ज्याने त्याने आपल्या मुलाकडे पाहून ठरवावे.

सातवी पायरी : रोजच्या लहानसहान बाबी

लांब पल्ल्याच्या काही दुमजली गाड्यांत वरच्या मजल्यावर घसरगुंडी असलेला खेळाचा डबा असतो. रेल्वेच्या वेळापत्रकात अशा गाडीपुढे ‘एफए’ अशी खूण असते आणि तो डबा फलाटाच्या कोणत्या विभागात थांबेल हेही कळते. त्या विभागात आधीच जाऊन उभे राहावे, कारण गाडी थांबते फार थोडा वेळ. मुले बूट काढून खेळतात, आणि उतरायची वेळ आली की बूट सापडत नाहीत, म्हणून स्थानकाच्या दहा मिनिटे आधी आवराआवर सुरू करावी.

गावोगावच्या कारंज्यांचे पाणी पिण्याजोगे असते. ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असेल तरच ते पिऊ नये. बाटल्या तेथेच भरून घ्याव्यात. स्थानकांवरील शौचालयांना बऱ्याचदा पैसे पडतात, गाडीतील शौचालय विनामूल्य असते. आपल्या चार्जरची बारीक दोन पिनांची गुडदी तेथील सॉकेटमध्ये बसते, परंतु जाड तीन पिनांची बसत नाही, म्हणून छोटा कुकर किंवा किटली नेणार असाल तर अडॅप्टर घ्यावा. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरते, त्यामुळे खाली बाह्या दुमडून फिरत असलात तरी पिशवीत स्वेटर, कानटोपी आणि पातळ रेनकोट हवेच. बर्फावरच्या उन्हाने डोळे चुरचुरतात. मुलांचे काळे चष्मे विसरू नयेत.

रुग्णवाहिकेसाठी १४४, पोलिसांसाठी ११७ आणि कोणत्याही तातडीसाठी ११२ हे क्रमांक फोनमध्ये साठवावेत. मुलाने एखादे औषध किंवा साफसफाईचे द्रव तोंडात घातले तर १४५ वर विषबाधेविषयी चोवीस तास सल्ला मिळतो. रोज सकाळी निघताना मुलाच्या खिशात एक चिठ्ठी टाकावी, तीवर मुक्कामाचा पत्ता आणि आईवडील दोघांचेही फोन क्रमांक भारताच्या +९१ सह लिहावेत, आणि रात्री कपडे धुण्याच्या यंत्रात टाकण्यापूर्वी ती आठवणीने काढून घ्यावी.